जुना घर नंबर काय होता?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पाचही पुण्याची आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की माझी सगळी नोकरी भूमापनात गेली. आधी साखळी आणि मग टेप घेऊन एकतीस वर्षं मी याच पेठांतून हिंडलो. त्यामुळे माझी उत्तरं मोजणीदाराच्या नजरेनं आलेली असतात, तशीच ती वाचावीत.

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेतला वाडा दिवाळीनंतर पाडायला घेणार आहेत. बिल्डरशी करार झाला आहे. वाडा कुणी बांधला, आमच्या पणजोबांच्या आधी तिथे कोण राहत होतं, आम्हाला काहीच माहीत नाही. हातात चार महिने आहेत. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सदाशिव पेठ)

चार महिने पुष्कळ आहेत. पण पहिले पंधरा दिवस कागदांच्या मागे लागू नका. कागद दहा वर्षांनी मागितले तरी मिळतील, भिंत मिळणार नाही.

एक मोठी वही घ्या आणि वाड्यातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला सोबत घ्या. दिंडी दरवाज्यापासून सुरू करा. चौक किती बाय किती, ओटी किती उंच, विहिरीचा काठ दगडी आहे की विटांचा, सगळं टेपनं मोजून लिहा. मग प्रत्येक खोलीत कोणतं बिऱ्हाड कधी होतं ते त्या माणसाला विचारा. माजघर, पडवी, न्हाणी, बळद ही नावं तो जशी उच्चारेल तशीच लिहा. पुस्तकातल्या नावांनी दुरुस्त करू नका. तुमच्या वाड्यात एखाद्या अंधाऱ्या खोलीला घरचंच काही नाव असेल. ते नाव वाड्याबरोबर जाणार आहे, म्हणून आधी तेच टिपा.

बांधकामाचं वय भिंतीच सांगतात. जुनी वीट पातळ आणि चपटी असते, इंग्रजी अमदानीतली जाड. लाकडी खांबाखाली दगडी तळखडा आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत असेल, तर तो भाग जुना. लोखंडी गर्डर दिसला, की तेवढा भाग नंतर दुरुस्त झालेला समजा. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर एक काढून उलटं करा, पोटाशी कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशननं मंगळूरला पहिला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, म्हणजे ते छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. असं एकेक कौल खाली उतरवून, पदरानं पुसून त्यावरची अक्षरं वाचणाऱ्या एक बाई मला नारायण पेठेत भेटल्या होत्या. पत्रे घालायला माणसं आली होती आणि त्या त्यांना दर वेळी म्हणायच्या, "थांबा, एवढं एक बघू द्या."

आता कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) उतारा काढा. लोक त्यावर मालकाचं नाव पाहतात आणि घडी घालून ठेवतात. तुम्ही 'हक्काचा मूळ धारक' हा रकाना पाहा, सुविधाधिकाराचा रकाना पाहा. कुणाला कुणाच्या बोळातून जायचा हक्क होता, कुणाचं पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडत होतं, हे तिथे कधी कधी एका ओळीत लिहिलेलं असतं. शिवाय मोजणीच्या वेळची चौकशी नोंदवही असते, तिच्या उताऱ्यासाठीही अर्ज करा.

पण खरा खजिना आहे जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस अमक्याची पडीक जागा, उत्तरेस रस्ता. तुमच्या एका खतात अशी चार नावं मिळतात. आता उजव्या शेजाऱ्याकडे जा आणि त्यांचं खत पाहायला मागा. त्यात तुमच्या पणजोबांचं, नाहीतर त्यांच्याही आधीच्या मालकाचं नाव सीमेवर आलेलं असतं. अशी सहा-सात घरं जोडलीत की शंभर वर्षांपूर्वीची अख्खी आळी कागदावर उभी राहते. मी हे चार ठिकाणी करून पाहिलं आहे. लोक खतं दाखवायला बिचकतात, ते साहजिक आहे. म्हणून मूळ कागद मागू नका, चतुःसीमेच्या चार ओळी त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

खत मोडीत निघालं तर घाबरू नका. तुमच्याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं. मोडी वाचणारी माणसं तिथे भेटतील. पेशवाईपर्यंत मागे जायचं असेल तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. तिथले कागद आजही कापडी रुमालांत बांधलेले आहेत. तिथे 'आमचा वाडा' म्हणून विचारलंत तर काही हाती लागणार नाही. पेठ, घरमालकाचं आडनाव आणि अंदाजे साल एवढं घेऊन जा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. शनिवार पेठेत एक वाडा मोजताना माजघराच्या तुळईवर मोडी अक्षरं कोरलेली मला दिसली होती. धुरानं काळी झाली होती, दोन शब्द तेवढे लागले. पुढच्या फेरीला येताना कागद आणि कोळसा आणून ठसा घेऊ असं ठरवलं. पुढची फेरी दिवाळीनंतर झाली. तोवर तुळई लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाऊन तिची फळकुटं झाली होती. ते दोन शब्द आजही माझ्या वहीत आहेत आणि बाकीची ओळ कुठेच नाही. तेव्हा वाड्यात काहीही लिहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी उतरवून घ्या.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही मोदी गणपतीचं नाव मोडी लिपीवरून आल्याची शक्यता लिहिली होती. आमच्या घरी वेगळं सांगतात. (एक वाचक, नारायण पेठ)

तुमच्या घरी सांगतात तेच बरोबर आहे. हा गणपती खुश्रुशेठ मोदी यांच्या बागेतला, म्हणून मोदी गणपती. पारशी गृहस्थाचं आडनाव नारायण पेठेतल्या गणपतीला लागलं आणि दोनशे वर्षं टिकलं, ही केवढी सुंदर गोष्ट! ती माझ्याकडून झाकली गेली याचं मला वाईट वाटतं. चूक दुरुस्त करून घेतली आहे.

प्रश्न : आमच्या बोळात ड्रेनेजचं खोदकाम चालू असताना आठ फुटांवर दगडी कमान लागली. कामगार म्हणाले भुयार आहे, शनिवारवाड्यापर्यंत जातं. दुसऱ्या दिवशी बुजवून टाकलं. खरंच भुयार असेल का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

पेठांत भुयार निघालं की ते शनिवारवाड्यालाच जातं, असं लहानपणापासून ऐकत आलो आहे. तुम्हाला जे दिसलं ते बहुतेक पाण्याच्या नळाचं बांधकाम असावं, आणि माझ्या मते ते भुयारापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला बांध घालून तळी केली आणि तिथून पुण्यात पाणी आणलं. पंप नाही, चाक नाही, निव्वळ उतारावर. कात्रजची बाजू उंच, मुठेची बाजू खोल. मधल्या चार-पाच मैलांत जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ बांधत आणला. 'नळ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. हा नळ म्हणजे बांधीव बोगदा, बऱ्याच ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा. गाळ खाली बसावा आणि हवा खेळावी म्हणून वाटेत उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी बांधीव तोंडं ठेवली. रस्त्याच्या कडेला दगडी धुराड्यासारखं काही उगाच उभं असलेलं दिसतं ना, ते पाहताना हे लक्षात ठेवा. शहरात हे पाणी वाड्यांत आणि हौदांत खेळवलं होतं. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद. यातली काही नावं आता बसथांब्याची किंवा चौकाची झाली आहेत. फडके हौद चौकात उभं राहून हौद कुठे आहे असं विचारणारा माणूस मला तरी वर्षाकाठी एखादाच भेटतो.

मला हा नळ पहिल्यांदा कानांनी कळला. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, एका बोळात मोजणीसाठी लोखंडी खुंटी ठोकत होतो. पहिले दोन घाव ठण् लागले, तिसऱ्याला आवाज एकदम बसला, रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसा. आमचा साखळीवाला थांबला. समोरच्या ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिथं नको ठोकू रे बाळा, खाली कात्रज आहे." त्यांनी नळ किंवा बोगदा म्हटलं नाही, कात्रज म्हटलं. त्यांच्या लेखी कात्रज हे गाव लांब कुठे नव्हतं, दाराखाली होतं.

याच्याच जोडीनं आंबिल ओढा समजून घ्या. आज तो पर्वतीच्या पायथ्याकडून दत्तवाडीच्या अंगानं मुठेला मिळतो. पूर्वी तो शहराच्या आतून, शनिवार पेठेच्या बाजूनं नदीला जायचा. नानासाहेबांनीच पर्वतीजवळ बांध घालून तो वळवला, आज सारसबागेत आहे ते तळं तिथलंच. ओढा हलला, मधली जमीन मोकळी झाली आणि त्या बाजूला पेठा पसरल्या. पुढे त्यातल्या एकीला सदाशिवरावभाऊंचं नाव मिळालं. जुन्या पेठांत सायकलवरून जाताना एखाद्या ठिकाणी अकारण उतार लागतो आणि पुन्हा चढ. अशा ठिकाणी थांबत जा. लेव्हल मशिन लावून बघितलं की हे उतार फार ठळक दिसतात.

तुमच्या बोळातली कमान बुजवली गेली, त्याला आता इलाज नाही. पण ती नेमकी कुठे निघाली ते आजच मोजून ठेवा. दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनची अंतरं घ्या, झाडापासून किंवा विजेच्या खांबापासून घेऊ नका, ती हलतात. खोली लिहा, तारीख लिहा, फोटो असेल तर त्यामागे तुमचं नाव लिहा. उद्या पलीकडच्या बोळात दुसरी कमान निघाली तर दोन ठिपके जोडून नळाची दिशा मिळेल.

प्रश्न : वारांची नावं असलेल्या पेठांची जुनी नावं काय होती? आणि पुण्यात देवांना पासोड्या, बटाट्या, जिलब्या अशी नावं का? मुलाला शाळेत प्रकल्प आहे. (एक पालक, रास्ता पेठ)

कसबा सगळ्यांत जुनी, तिचं नाव तेच राहिलं. रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापूर, शुक्रवार विसापूर, शनिवार मुर्तजाबाद, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. बुधवार ही मुहियाबाद, ते नाव औरंगजेबाच्या काळातलं. तुमची रास्ता पेठ मूळची शिवपुरी, सरदार रास्त्यांमुळे रास्ता झाली. भवानी पेठेला बोरवन म्हणत, नाना पेठेला हनुमान. ही यादी पाठ करून घेण्यापेक्षा मुलाला तिचा उपयोग सांगा. जुन्या कागदात 'विसापूर' दिसलं तर तो कागद परगावचा म्हणून बाजूला ठेवू नये, एवढ्यासाठी ती हवी.

देवांच्या नावांत थट्टा शोधतात लोक, मला त्यात बाजाराचा नकाशा दिसतो. पासोड्या, म्हणजे पांघरायच्या जाड सुती चादरी विकल्या जात तिथला विठोबा तो पासोड्या विठोबा. बटाट्या मारुती शनिवारवाड्यासमोर आहे. आज तिथे बटाटा दिसत नाही, कारण भाजीबाजार आधी वाड्यासमोरच्या मैदानात भरायचा आणि १८८६ मध्ये नवी मंडई उघडल्यावर तिकडे गेला. बाजार उठून गेला आणि नाव मारुतीपाशी राहिलं. त्या मंडईचंही तेच. लॉर्ड रे यांच्या नावानं ती उभी राहिली, आणि जोतीराव फुल्यांनी तर नगरपालिकेत असताना मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. शिक्षणावर पैसा घाला असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे.

मुलाला एक रविवार कसब्यात न्या. तांबट आळीत हातोड्याचा आवाज अजून ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका देऊन जे चकाकणारे खवले उठवतात त्याला माठारकाम म्हणतात. कारागिराची परवानगी घेऊन पाच मिनिटं गप्प उभं राहू द्या त्याला. शेजारी कुंभारवाडा, कागदीपुरा, बुरूड आळी, भोई आळी. प्रत्येक पाटीपाशी एकच प्रश्न विचारायचा, हे काम आता इथे कोण करतं? जे उत्तर येईल ते वहीत. प्रकल्प झाला.

प्रश्न : तुमचं सदर वाचायला आवडतं पण वाईटही वाटतं. आम्ही सहकारनगरचे. आमच्याकडे ना वाडा, ना हौद, ना पेशवा. साठ वर्षांच्या वसाहतीला कसला इतिहास असणार? (एक वाचक, सहकारनगर)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या खेपेला सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटलं ते तुम्हालाच.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं पुढे खडकवासल्याचं फुटलं. लकडी पुलावरून पाणी गेलं. मी आठ वर्षांचा होतो, आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आईच्या डोक्यावर देवांचा डबा होता, एवढं मला दिसतं. पाणी मला फारसं आठवत नाही, वास आठवतो. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा भिजलेल्या ज्वारीला आंबूस वास सुटला होता, आणि शाळेच्या पुस्तकांचा चिखलात लगदा होऊन पाटाएवढा एकच ठोकळा झाला होता. नळाला पाणी नव्हतं. आमच्या आळीतल्या बायकांनी विसरलेली विहीर उपसून घेतली. भिंतीवर देवळीच्या वर वीतभर उंचीला तपकिरी रेघ उमटली होती. पुढे दर दिवाळीला घराला चुना लागायचा, पण वडील त्या रेघेच्या खाली-वर लावायचे. रेघ ठेवायचे.

आमच्या आळीतली अकरा बिऱ्हाडं त्या पावसाळ्यात उठली. घरंच राहिली नव्हती. कुणी गोखलेनगरला, कुणी लोकमान्यनगरला, आणि माझे मामा सहकारनगरला. पूरग्रस्तांच्या शंभरावर सोसायट्या त्या काळात उभ्या राहिल्या. मामांकडे सुट्टीत गेलो की मामी संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायच्या, "इथं सगळं आहे, पण कसब्याची आरती ऐकू येत नाही." तुमची वसाहत साठ वर्षांची आहे हे खरं, पण तिच्यात येऊन राहिलेली माणसं कसबा, शनिवार, नारायण पेठांची होती. पेठांचा जो इतिहास पेठांत आता सापडत नाही, तो तुमच्या सोसायट्यांच्या कपाटांत आहे.

आणि पाण्यानं तुम्हाला तिथेही सोडलं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, सहकारनगरची घरं पाण्यात गेली. वर जो ओढा वळवल्याचं लिहिलं तोच हा. त्या रात्री तुमच्याकडच्या एका ऐंशीच्या पुढच्या गृहस्थांनी मला फोन केला होता. म्हणाले, "अहो, परत तोच वास आलाय." मी काही बोलू शकलो नाही. एकाच माणसानं आयुष्यात दोनदा जे पाहिलं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. ते गृहस्थ आता नाहीत, आणि मी ते लिहून घेतलं नाही.

तेव्हा तुम्ही हे करा. सोसायटीच्या चिटणिसांना भेटा आणि स्थापनेच्या वेळची सभासद नोंदवही दाखवा म्हणावं. किल्ली कुणाकडे आहे यातच एखादा महिना जाईल, चिकाटी सोडू नका. सभासदाच्या नावासमोर त्या वेळचा मूळ पत्ता असेल, पेठ आणि घर नंबर. पत्ता नसला तर भाग (शेअर) मागणीचे जुने अर्ज पाहा. त्या पत्त्यांची यादी करा. फक्त पेठ आणि घर नंबर लिहा, नावांची मला गरज नाही. यादी मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. माझ्याकडे शनिवार आणि नारायण पेठेतल्या पूररेषेची, भिंतीवर हात लावून घेतलेली मापं आहेत, सदतीस घरांची. त्यांतली बरीच घरं आता उभी नाहीत. तुमच्या यादीतले नंबर आणि माझी मापं शेजारी शेजारी ठेवून बघू. पावसाळ्याआधी यादी आली तर बारा जुलैला आपण दोघं नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळापासून चालत निघू आणि एकेका जागेपाशी थांबू.